ग्रुपमधली सगळ्यात छोटी टाकी

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपतो आणि ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'निघायचं का?' मग दोन दिवस चर्चा. ब्लूटूथ स्पीकर कोण आणणार, मिसळ कुठे खायची, कुठल्या वळणावर रील शूट करायची, सगळं ठरतं. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कुणाची गाडी एका टाकीत किती किलोमीटर जाते?

विचारत नाही, कारण पेट्रोल हा ज्याचा त्याचा मामला आहे असं आपण धरून चालतो. राहणं वाटून, जेवण वाटून, पेट्रोल मात्र टीटीएमएम. तू तुझं, मी माझं. माझं म्हणणं असं आहे की लांबच्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात चुकतं. रेंज एकेका गाडीची नसते, ती सगळ्या ग्रुपची असते. आणि ग्रुपची रेंज म्हणजे सगळ्यात कमी पल्ला असलेल्या गाडीची रेंज.

आता गंमत बघा. कमी पल्ल्याची गाडी कुठली, हे आपण बहुतेक वेळा चुकीचं ओळखतो. ज्या स्प्लेंडरला सगळे 'बाबांची गाडी' म्हणून हसतात, तिची टाकी ९.८ लिटरची. लिटरला ६० किलोमीटर धरले तर एका टाकीत ५८० च्या पुढे जाते. क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची, पण सामानासकट लिटरला ३२ धरले तर पल्ला ४१६. जुन्या हिमालयन ४११ ची टाकी १५ लिटरची; लिटरला ३० ने ४५०. म्हणजे गाडी जितकी दणदणीत तितका पल्ला मोठा, हे काही खरं नाही. आणि अ‍ॅक्टिव्हा? टाकी ५.३ लिटर. ४५ ने गुणलं तर २३८. बुलेटवाल्याला तिसऱ्या चहापर्यंत पेट्रोल आठवत नाही, तेव्हा स्कूटरवालीचा काटा तळाला टेकलेला असतो.

हे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचा खरा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि तो कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही. पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, दोनेकशे किलोमीटर चालवा, पुन्हा फुल करा. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. हे एकदा शहरात आणि एकदा हायवेवर केलंत की काट्यावर डोळे लावून बसायची गरज उरत नाही. तसाही काटा भरवशाचा नसतो. टाकीतल्या फ्लोटवर तो चालतो, त्यामुळे चढावर एक सांगतो, उतारावर दुसरं आणि साइड स्टँडवर तिसरंच.

ट्रिपमध्ये हा आकडा अजून खाली येतो. डबलसीट, दोन्ही बाजूंना बॅगा आणि त्यात आपला वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि त्याची किंमत टाकीतून वसूल होते. शिवाय आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिश्रणावर जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सामान, वेग, घाट आणि इथेनॉल अशी बेरीज झाली की ४५ चे ३८ व्हायला वेळ लागत नाही.

अजून एक. 'रिझर्व्हला लागली' हा शब्द आपण बाबांकडून उचलला, पण त्यांची रिझर्व्ह आपल्याकडे नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक असायचा. गाडी झटके देऊन बंद पडली की तो फिरवायचा आणि राखून ठेवलेलं पेट्रोल सुरू व्हायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि तो कॉक गेला. आता फक्त एक दिवा लागतो. तो दिवा म्हणजे शेवटची सूचना, त्यामागे दुसरी टाकी नाही. त्यात या गाड्यांचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. सतत तळाशी गाडी चालवणं त्यालाही मानवत नाही. म्हणून हिशोब करताना टाकीचा पाव भाग विसरूनच जा. मग अ‍ॅक्टिव्हाचे २३८ होतात साधारण १८०. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पिरंगुट-पौडला टाकी फुल केली नाही, तर हिशोब काठावर आलाच.

लडाखचं स्वप्न तर प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर असतं. मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये टांडीचा पंप लागतो. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही तिथली पाटी आपल्यापैकी अनेकांनी फोटोत पाहिली असेल. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात. मला वाटतं, त्या पाटीसमोर आधी गणित करावं. क्लासिकचे ४१६, त्यातला पाव भाग बाजूला ठेवला तर उरले ३१२. म्हणजे जास्तीचं पेट्रोल बरोबर हवंच, कारण वाटेत बारालाचा आहे, सर्चू आहे, १७ हजार फुटांवरचा टांगलांग ला आहे आणि बराचसा रस्ता खालच्या गिअरचा आहे. गाडी रेल्वेने पुढे पाठवणार असाल, तर पार्सलमध्ये देताना टाकी रिकामी करावी लागते हेही लक्षात ठेवा. स्टेशनबाहेर पडल्यावर पहिलं काम पंप शोधणं.

पण गणित हा सोपा भाग झाला. अवघड भाग वेगळाच आहे आणि तो म्हणजे लाज.

ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो पंपावर 'दोनशेचं टाका' म्हणतो. त्याला टाकी फुल करायची नसते असं नाही. महिनाअखेर असते, खात्यात तेवढेच असतात. किंवा एक जण असते जिच्या घरात एकच स्कूटर आहे आणि तीच घेऊन ती आलेली असते. दर दीडशे किलोमीटरला 'थांबूया का?' विचारायचं तिच्या जिवावर येतं, कारण मागच्या वेळी कुणीतरी 'परत?' म्हणालेलं असतं. मग ती गप्प बसते, काटा लालमध्ये जातो आणि अंधार पडताना गाडी घाटात थांबते. पुढचे तोवर दहा किलोमीटर पुढे गेलेले असतात आणि फोनला नेटवर्क नसतं. मागून ट्रक येत असतात. मग कुणीतरी परत येऊन टोचन देतो, म्हणजे स्वतःच्या गाडीवरून पाय लावून मागची गाडी ढकलतो. वळणावळणाच्या उतारावर, अंधारात. एवढा धोका कशापायी? दहा मिनिटांचा थांबा मागायला कुणीतरी लाजलं म्हणून.

गोव्याच्या ट्रिपमध्ये याचंच दुसरं रूप दिसतं. गोव्यात पेट्रोल स्वस्त आहे, म्हणून सावंतवाडीचा पंप सोडून देत हद्दीपर्यंत गाडी ओढायची. १० लिटरला वाचून वाचून वाचतात किती? शंभर रुपयेसुद्धा नाहीत. रात्री झाराप-बांद्याच्या मधे गाडी ढकलायला लागली, तर तेवढे पैसे लिंबूपाण्यातच जातील.

तुम्ही म्हणाल, इतकं प्लॅनिंग करायचं तर फिरण्यातली मजा काय? मलाही एक्सेल शीट घेऊन ट्रिपला जायचं नाहीये. पण वाट चुकण्यात जी मजा आहे ती टाकीत पेट्रोल असेल तरच आहे. पेट्रोल संपत आलं की कुणी समुद्र बघत नाही, सगळे काट्याकडे बघतात. दुसरं उत्तर येतं, 'मॅपवर पंप दिसतो की!' दिसतो. तो रात्री उघडा आहे का, तिथे आज पेट्रोल आहे का, हे दरवेळी कळत नाही. नेटवर्क गेलं तर यूपीआयसुद्धा गेलं, म्हणून खिशात पाचशेची नोट रोख हवीच. तिसरं उत्तर, 'बाटलीत घेऊ.' पाण्याच्या बाटलीत पेट्रोल देणं नियमात बसत नाही आणि त्याला कारण आहे. उन्हात तापलेल्या बॅगेतली ती बाटली तुमच्या पाठीला टेकलेली असते. न्यायचंच असेल तर पेट्रोलसाठी बनवलेला, मान्यताप्राप्त कॅन घ्या आणि तो नीट बांधा.

मग करायचं काय? निघायच्या आदल्या रात्री ग्रुपवर प्रत्येकाने आपल्या गाडीचा आकडा टाकायचा. सगळ्यात छोटा आकडा घ्यायचा, त्यातून पाव भाग वजा करायचा, आणि तितक्या अंतरावर सगळ्यांनी थांबायचं, टाकी अर्धी भरलेली असली तरी. ज्याचा आकडा सगळ्यात छोटा, त्याने सगळ्यात पुढे चालवायचं, म्हणजे मागे कुणी एकटं राहत नाही. आणि पेट्रोल टीटीएमएम नको. कॉन्ट्रीच्या पैशातून सगळ्यांच्या टाक्या फुल करा, हिशोब घरी आल्यावर मिटवा. दोनशेचं टाकणाऱ्याला एका आठवड्याची सवलत मिळाली तर कुणाचं काही बिघडत नाही. स्प्लेंडरवाल्याचा खर्च कमी आला तर त्याचा वाटाही कमी धरा, तेवढं गणित कॅल्क्युलेटरला जमतं.

पुढच्या लाँग वीकेंडचा ग्रुप एव्हाना तयार झालाही असेल. त्यावर आज रिसॉर्टच्या फोटोंच्या आधी एक प्रश्न टाका, 'कुणाची गाडी किती जाते?' आणि सगळ्यात छोटा आकडा पाठवणाऱ्याला हसू नका. थांबे त्याच्याच आकड्यावर ठरणार आहेत.