भांगाच्या ओहोटीला सोडलेलं पाणी



गेल्या आठवड्यात आमच्या खाडीकाठची तीन कोळंबीची तळी चार दिवसांत बसली. माल पन्नास दिवसांचा, सहा-सात ग्रॅमचा. आधी चेक ट्रेमधलं खाद्य तसंच राहायला लागलं, मग पाण्यावर पांढऱ्या विष्ठेच्या दोऱ्या तरंगल्या, मग पहाटे कोळंबी काठाला येऊन पडली. संध्याकाळी बांधावर सगळे जमले. वरच्या अंगाच्या कारखान्यांना शिव्या झाल्या, शहराच्या गटाराला झाल्या, बीज विकणाऱ्याला झाल्या. मी एरवी अशा ठिकाणी सगळ्यात मोठ्याने बोलणारा, पण त्या दिवशी गप्प होतो. का ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझं एक तळं असंच गेलं. लॅबमध्ये पाणी दिलं तर प्लेटवर हिरव्या कॉलनीच कॉलनी. व्हिब्रिओ. रात्री हात पाण्यात घातला की पाणी निळसर चमकायचं. ब्लीचिंग आणायला पैसे नव्हते आणि पाणी अडवून ठेवायला जागा नव्हती. रात्री अकराला ओहोटी लागल्यावर मी उघाडीच्या फळ्या काढल्या आणि सगळं तळं खाडीत सोडून दिलं. त्यात दिवस भांगाचे. उधाणाला निदान पाणी जोरात येतं-जातं. भांगाला ते जागच्या जागी खालीवर होतं. ओहोटीला सोडलेलं पाणी समुद्रापर्यंत पोचतच नाही, सहा तासांत पुढची भरती तेच परत घेऊन येते. सकाळी शेजारच्या नानाने पंप लावून आपल्या तळ्यात पाणी घेतलं. आठ-दहा दिवसांत त्याचं तळं गेलं.

माझ्याच पाण्याने गेलं असं कुठलीही लॅब लिहून देणार नाही. पण मला जे कळायचं ते कळलं.

आता या व्हिब्रिओबद्दल. आपण त्याला बाहेरून आलेला रोग समजतो. तसं नाही. तो खाडीचा मूळ रहिवासी आहे. पटकीचा जंतू त्याच कुळातला, पण या कुळातले बहुतेक जण कोणाला काही करत नाहीत. कोळंबी-खेकड्याचं कवच ज्या पदार्थाचं असतं तो पदार्थ हे जंतू खाऊन कुजवतात. हे काम कोणी केलं नसतं तर समुद्राच्या तळाशी नुसते कवचांचे ढीग साचले असते. चमचाभर समुद्राच्या पाण्यात लाखो जिवाणू असतात. ते सगळे मारून कोळंबी वाढवीन म्हणणारा माणूस शेतातली माती धुऊन भात लावीन म्हणतोय असं समजा.

तो रोग होतो संख्येने. खायला भरपूर आणि पाणी कोमट असलं की व्हिब्रिओ वीस मिनिटांत दुप्पट होतो. या हिशोबाने एकाचे दहा तासांत १०० कोटींच्या वर जातात. ती चमकसुद्धा संख्येचीच. चमकणारा जंतू एकटादुकटा असताना चमकत नाही, दाटी झाली की एकमेकांची चाहूल लागते आणि मग सगळे मिळून पेटतात.

खायला कोण देतं? आपणच. पोत्यातून जेवढा नत्र तळ्यात जातो त्यातला साधारण चौथा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. बाकी विष्ठा, अमोनिया आणि तळाचा काळा गाळ. पहाटे ऑक्सिजन उतरतो, कोळंबी अर्धमेली होते आणि जो जंतू महिनाभर नुसता शेजारी राहत होता तो आत शिरतो. माल वाढत नाही म्हणून आपण खाद्य वाढवतो. मीही वाढवलं होतं.

मग दुकानदार पुडी देतो. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर बंदी आहे, निर्यातीचा माल याच अंशापायी परत आलेला आहे, तरी नाव खोडलेल्या पुड्या फिरतात. माझं म्हणणं निर्यातीपुरतं नाही. औषधाने मेले ते मेले, उरतात ते औषध पचवणारे. आणि हे जंतू आपापली विद्या दुसऱ्याला देतात. २००९ नंतर चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये बीज सोडल्यावर महिनाभराच्या आत तळीच्या तळी मरायला लागली. कारण कोणाला कळेना. २०१३ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने शोधून काढलं की हा एक व्हिब्रिओच आहे. त्याच्याकडे डीएनएचं एक छोटं वेगळं कडं आहे, विष बनवायची कृती त्यावर आहे, आणि ते कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. औषध पचवायची कृतीही अशीच हातोहात जाते. म्हणजे मी माझ्या तळ्यात टाकलेली पुडी नानाच्या तळ्यातल्या जंतूला शिकवते.

कारखान्यांना सोडा असं मी म्हणत नाही. लहानपणी उघाडीच्या तोंडाला पाग टाकला की बोईट, खरबी, एखादं जिताड्याचं पिल्लू हमखास. आज पाग धुऊन ठेवायची वेळ आली आहे, आणि ते काही कोळंबीवाल्यांनी एकट्याने केलेलं नाही. शहराचं सांडपाणी जंतूंना आयतं जेवण आणतं, रसायन माशांच्या कल्ल्यांची वाट लावतं. अर्ज करा, मोर्चा काढा, मी पुढे असेन. पण साहेबाने विचारलं "तुमचं पाणी कुठे जातं?" तर काय सांगणार?

२००५ चा किनारी मत्स्यशेतीचा कायदा आहे. ५ हेक्टरच्या वरच्या प्रकल्पाला सांडपाण्याची व्यवस्था सक्तीची. आपण एक-दोन एकरवाले, म्हणून सुटतो. पण या एका खाडीवर आपली सगळ्यांची तळी धरली तर ५ हेक्टर कधीच मागे पडलेत. खाडीला सातबारा वाचता येत नाही.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी नानाच्या ओटीवर जाऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "मला माहीत होतं रे. उघाडीच्या तोंडाला सकाळी फेस होता." थोड्या वेळाने म्हणाला, "माझं गेलं तेव्हा मी तरी कुठे अडवलं? मीपण सोडलंच."

तर माझं मत असं. आजारी तळं सोडायचं नाही. उघाडी बंद, ब्लीचिंग, काही दिवस पाणी कोंडून ठेवायचं, आणि ग्रुपवर त्याच दिवशी सांगायचं, म्हणजे बाकीचे पंप बंद ठेवतील. लाज वाटते म्हणून लपवतो आपण. निरोगी तळ्याचं पाणीही काढणीला थेट खाडीत नको, आधी एका तळ्यात गाळ बसू दे. गूळ-ताकाचं मिश्रण किंवा बाटलीतले चांगले जंतू टाका, मीही टाकतो, जीवामृतासारखंच आहे ते. पण खाली चार बोटं काळा गाळ ठेवून वर जंतू ओतले तर पैसे पाण्यात.

मी माझं बारा गुंठ्यांचं खालचं तळं गाळ बसवायला मोकळं ठेवलंय. पिकाला पाच-सहाशे किलो कोळंबी कमी निघणार, घरात त्यावरून बोलणी खातोय. नाना म्हणतो मधला बांध फोडला तर त्याचंही पाणी त्यातच घेता येईल. येत्या भांगाला, पाणी कमी असताना, बांध फोडायचा आहे. ज्यांची तळी लागून आहेत त्यांनी फावडं घेऊन या.