खरचटले? आधी नळाखाली धरा

शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की मोमिनपुऱ्याच्या गल्ल्यांपासून जाफर नगरच्या मोकळ्या रस्त्यांपर्यंत सायकलींची वर्दळ सुरू होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे दुपार घरातच काढावी लागते. फज्रनंतरचे आणि असरनंतरचे दोन-दोन तास मात्र मुलांचे. ज्या शहराच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने सायकल चालवत पूर्ण केली, त्या शहरातल्या मुलांना सायकलचे वेड असले तर नवल ते काय! आणि सायकल आली की पडणे आलेच. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यातल्या उंचसखल जागेत पुढचे चाक सापडले की गुडघा, कोपर आणि तळहात सोलवटलेच म्हणून समजा.

मूल रडत दारात येते तेव्हा आपल्या घरांत काय होते ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. दादी हळदीचा डबा काढतात. अम्मी कपाटात जखमेची पावडर शोधतात. शेजारचे चाचा दारातूनच सांगतात, "टीटी टोचून आणा." कुणी चुना सुचवते, कुणी टूथपेस्ट. प्रेम सगळ्यांचेच असते, पण नळाकडे कुणी वळत नाही. खरचटलेल्या जखमेचा खरा इलाज तर त्या नळाखालीच होतो. बाकी सगळे नंतरचे.

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरा. मधे मधे उचलून पाहू नका. मग जखम वाहत्या पाण्याखाली धरा, घाई न करता पाच-दहा मिनिटे. पिण्यालायक नळाचे पाणी यासाठी पुरते, दवाखान्यातले सलाइन लागत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका देते, तेव्हा पिण्याचे पाणी तांब्याने ओता. जखमेभोवती साधा साबण लावा. माती-वाळू निघत नसेल तर भिजवलेल्या मऊ, स्वच्छ कापडाने हलकेच पुसून काढा. एखादा खडा रुतला असेल तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढा. स्पिरिट चिमट्यासाठीच आहे, जखमेवर ओतण्यासाठी नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेले कडक जंतुनाशक जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाही जाळते. फेस आला म्हणजे औषध काम करते आहे, ही समजूत चुकीची आहे.

मूल ओरडणार, हे धरून चाला. खोल कापल्यापेक्षा खरचटलेले जास्त झोंबते, कारण कातडीचा वरचा थर मोठ्या भागावरून निघून जातो आणि खालच्या मज्जातंतूंची टोके उघडी पडतात. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन थोडा वेळ थांबलात तर धुणे सोपे जाते. पण "राहू दे, लेकराला दुखते" म्हणून अर्धवट सोडू नका. विशेषतः मुलीच्या चेहऱ्याला किंवा हाताला लागले की घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया घासू देत नाहीत, डाग राहील म्हणतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. डांबराचे कण आणि बारीक काळी माती आत राहिली तर त्यावर नवी कातडी येते आणि निळसर-काळा ठिपका गोंदल्यासारखा कायमचा बसतो. तो पुढे काढायचा तर लेझरपर्यंत जावे लागते. पहिल्या दिवशी तो निघतो पाण्याने आणि कापडाने.

धुतल्यावर काय लावावे? आपल्याकडे पक्का समज आहे की जखम उघडी ठेवावी, हवा लागू द्यावी, लवकर खपली धरली पाहिजे. पावडरही त्यासाठीच टाकली जाते. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांवर एक साधा प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकच्या पडद्याने झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण नवी पेशी ओल्या जागेवरून सरकत पुढे जाते. कडक खपली असेल तर तिला खपलीच्या खालून वाट काढावी लागते. आज जगभर जखमांवर ज्या आधुनिक पट्ट्या वापरतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

आपल्या घरात त्यासाठी महागडे काही लागत नाही. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर न चिकटणारी पॅराफिनची जाळी (औषधाच्या दुकानात मिळते), वर गॉज आणि चिकटपट्टी. साधा कापूस थेट जखमेवर ठेवू नका. तो चिकटतो आणि काढताना नवी कातडी घेऊन निघतो. पट्टी रोज बदला, घामाने भिजली तर दिवसातून दोनदा. चिकटली असेल तर ओढू नका, पाण्याने भिजवून सोडवा. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर पातळ पाणी येते, तो पू नव्हे. हळदीबद्दल दादींचा मान ठेवूनच सांगतो, डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेत चिकटून बसते आणि तिच्या रंगाखाली वाढती लाली दिसत नाही. हळद दुधात द्यावी.

आमच्या वाचकांच्या घरी लगेच पुढचा प्रश्न येतो तो वुजूचा. वुजूत चेहरा आणि कोपरांपर्यंत हात धुवायचे, आणि पडणाऱ्याचे नेमके तेच खरचटते. पाण्याने अपाय होत असेल किंवा पट्टी काढणे त्रासाचे असेल तर पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत आहे. तपशील आपल्या इमाम साहेबांना विचारावा. गुडघ्याची गोष्ट निराळी. तो वुजूत येत नाही, पण सजद्यात त्याच्यावरच भार पडतो आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते. जानमाजखाली जाड, मऊ घडी ठेवली तर बराच फरक पडतो.

आता टीटी. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, तेव्हा चाचांची काळजी रास्त आहे. पण प्रत्येक पडण्याला इंजेक्शन लागत नाही. बाळपणी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड-दोन वर्षांना, पाच-सहा वर्षांना, आणि पुढे १० व १६ व्या वर्षी हे डोस सरकारी लसीकरणात मोफत मिळतात. ते पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसनंतर १० वर्षे आणि मातीने माखलेल्या जखमेसाठी ५ वर्षे नवे इंजेक्शन लागत नाही. काही डोस राहिले असतील किंवा कार्डच सापडत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खरे पाहता घरातल्या मोठ्यांनाच शेवटचा डोस कधी घेतला ते आठवत नाही.

खरचटलेले दिसते म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते, आणि न दिसणारे राहून जाते. डोके आपटले होते का, हे जरूर विचारा. उलट्या, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त झोप, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर मेयो किंवा मेडिकल जे जवळ असेल तिथे लगेच न्या. दुसरा प्रश्न, हँडल पोटात लागले का? हँडलच्या टोकाने पोटावर छोटासा वळ उठतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. त्रास कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवतो. पोटदुखी वाढत असेल, मूल जेवत नसेल, ओकत असेल तर थांबू नका. मनगट सुजले असेल तर एक्स-रे काढावा. जखमेभोवती गरमपणा व दुखणे वाढत गेले, पू आला, ताप भरला, तर डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहा. घरात मधुमेही दादाजी पडले असतील तर साध्या खरचटण्यालाही साधे समजू नये.

हे सगळे कळण्यासाठी मुलाने घरी सांगायला हवे. ओरडा बसेल म्हणून मुले पायजम्याखाली गुडघा झाकून ठेवतात आणि चौथ्या दिवशी तो चिघळलेला सापडतो. मुली तर जास्तच लपवतात, कारण एकदा पडले तर सायकल बंद होईल हे त्यांना माहीत असते. मुलगा पडला तर "उद्या नीट चालव" आणि मुलगी पडली तर "पुरे झाले आता" असे म्हणणाऱ्या घरात मुलगी जखम दाखवणार नाही. जखम दाखवली म्हणून सायकल जाणार नाही, एवढा शब्द तिला आधीच द्या.

साधारण एक-दोन आठवड्यांत कातडी भरून येते. ती काही महिने गुलाबी, नाजूक राहते आणि उन्हाने काळवंडते, म्हणून तेवढे दिवस पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. दरम्यान सायकल पंक्चरवाल्याकडे नेऊन ब्रेक पाहून घ्या, आणि हँडलच्या टोकाचे रबर फाटून आतला पाइप उघडा पडला असेल तर तेही नवे बसवून घ्या.