वर्गातली तिजारत आणि बाजारातली तिजारत

माझी तालीम उर्दू शाळेत दहावीपर्यंत झाली. मराठी मी भिवंडीच्या कापड बाजारात, दलालांच्या तोंडून शिकलो. तेव्हा भाषेत काही कमी-जास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आजकाल आपल्या घरांतली मुले कॉलेजात ‘उद्योजकता’ नावाचा विषय शिकतात. मुक्त बाजारपेठ, भांडवल, जोखीम असे सर्व त्यात असते. यावर आपल्या कारखानदारांचे आणि कारागिरांचे एकच म्हणणे ऐकू येते : धंदा काय पुस्तकात शिकायची चीज आहे? माझेही तेच म्हणणे होते. आता निम्मे उरले आहे. निम्मे का गेले ते आधी सांगतो.

माझ्या मोठ्या भावाचा मुलगा असा अभ्यासक्रम करून आला आणि माझ्या गाळ्यावर बसू लागला. तिसऱ्याच दिवशी त्याने विचारले, “चचा, या क्वालिटीचा एका मीटरला खर्च किती?” मी सूत, सायझिंग, विणाईची मजुरी आणि वीज धरून तोंडी हिशेब सांगितला. तो म्हणाला, “आणि शेडचे भाडे?” मी म्हटले, शेड आपली आहे, भाडे कसले? “दुसऱ्याला दिली असती तर मिळाले असते ना? तुमचा पगार? सुतात अडकलेल्या रकमेचे व्याज?” हे तिन्ही आकडे घातले तेव्हा कळले की जे कापड मी बारा वर्षे मोठ्या अभिमानाने विकत होतो, त्यात मला मीटरमागे तोटा होता. घर चालत होते ते वडिलांनी बांधलेल्या शेडवर. मी त्याला नफा समजत होतो. आपल्या शहरात असे किती गाळे असतील याचा विचार ज्याने त्याने करावा.

हा विषय शिकवता येतो की नाही याचा आपल्याच देशात एक प्रयोग झालेला आहे, तो आपल्या लोकांना फारसा माहीत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1964 मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने आंध्रातील काकीनाडा गावच्या व्यापाऱ्यांना शिकवणी दिली. शिकवणी फक्त दहा दिवसांची. त्यात एक खेळ होता. खुंटीवर कडी फेकायची, कुठे उभे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण अगदी जवळ उभे राहतात, म्हणजे चुकण्याची भीतीच नको. काही फार लांबून फेकतात, लागले तर नशीब. खरा धंदेवाला मधले अंतर निवडतो, जिथे नेम लागतो तो मेहनतीने. आपल्या बाजारात या तिन्ही जातीची माणसे आहेत. सुताचा भाव वाढेल म्हणून घर गहाण टाकून साठा करणारा तो लांबून कडी फेकणारा.

पुढे मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी विंटर यांनी 1969 साली या प्रयोगावर पुस्तक काढले. शिकवणी घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा जास्त नवे धंदे काढले, जास्त पैसा गुंतवला, जास्त माणसे कामाला ठेवली असे त्यांना आढळले. जुन्या चालीरीती पाळणारे मागे पडले असेही दिसले नाही. म्हणजे तिजारत अमुक बिरादरीच्याच रक्तात असते, हे जे आपण ऐकत आलो आणि कधी कधी स्वतःही बोलतो, त्याला यात आधार नाही. अहमदाबादेत 1983 साली उद्योजकता विकास संस्था निघाली आणि 1988 साली आपल्या राज्याचे उद्योजकता विकास केंद्र औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले. देशात या विषयाची शिकवणी पसरली ती अशी.

आता माझे उरलेले निम्मे म्हणणे.

पुतण्याने दुसरी यादी केली ती उधारीची. मुंबईच्या एका जुन्या पार्टीकडे आमची रक्कम चार-चार महिने अडकते. हिशेबाने ती पार्टी बंद करावी, असे त्याचे मत. हिशेब बरोबर होता. पण 1984 च्या दंगलीनंतर वडिलांचे माग बंद पडले, घरात रोख नव्हती, तेव्हा त्याच पार्टीच्या थोरल्या शेटजींनी चिठ्ठीचपाटीशिवाय सुताचे बाचके पाठवले आणि वर्षभर पैसे मागितले नाहीत. शेटजी आमच्या मजहबचे नव्हते. हा आकडा पुतण्याच्या कोणत्या रकान्यात बसतो?

मुक्त बाजाराचे मोठे विद्वान हायेक यांचा 1945 सालचा एक लेख वर्गात शिकवतात, असे तोच सांगतो. बाजाराचे ज्ञान एका जागी गोळा होत नाही, ते हजारो माणसांत विखुरलेले असते आणि भाव त्याची खबर सगळ्यांना देतो, असे त्यात आहे. मला हे पटले. सकाळी चहाच्या हॉटेलात सुताचा भाव कानावर येतो, तेवढ्यावर शेकडो कारखानदार आपापला दिवस ठरवतात, कोणी हुकूम देत नाही. पण भावात सगळी खबर येत नाही. कोण बुडवेल आणि कोण अडचणीत उभा राहील, हे भाव सांगत नाही. ते दलाल सांगतो. आमचा अर्धा धंदा त्यावर आहे आणि अभ्यासक्रमात दलालावर एक धडा नाही, असे पुतण्याच कबूल करतो.

ज्यांनी येऊन पाहिले त्यांना हे दिसले. अमेरिकेतील इतिहासकार डग्लस हेन्स यांचे पश्चिम भारतातील छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवरचे पुस्तक 2012 साली केंब्रिजहून निघाले. भिवंडी, मालेगाव, सोलापूर, सुरत इथल्या विणकरांचा आणि व्यापाऱ्यांचा 1870 ते 1960 पर्यंतचा इतिहास त्यात आहे. हातमागवाल्यांतूनच कारखानदार कसे झाले, त्यांनी विजेचे माग कसे घेतले, हे त्यात येते. आपले आजे-पणजे गिरण्यांच्या मागे राहून गेलेली माणसे नव्हती, भांडवलशाही घडवण्यात त्यांचाही हात होता, असा त्याचा रोख आहे. पुस्तक इंग्रजीत आहे. ज्यांच्याविषयी ते आहे, त्यांच्या कपाटात ते नाही.

यात दोष प्रोफेसरांचा आहे तसा आपलाही आहे. कोणी विद्यार्थी वही पाहायला आला की आपण त्याला टॅक्सवाला समजून चहा पाजून परत पाठवतो. मीही पाठवले आहेत. आपल्या शहरांतील कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून एकेका शेडचा, एकेका दलालाच्या कामाचा अभ्यास उर्दूत किंवा मराठीत लिहून घ्यावा आणि आपण त्यांना आकडे खरे द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे.

तोट्याची ती क्वालिटी मी बंद केली. पार्टी चालू आहे, फक्त मुदत चार महिन्यांची तीन केली, तीही शेटजींच्या नातवाशी समोरासमोर बसून. पुतण्याच्या कॉलेजातील दोन मुले पुढच्या महिन्यात गाळ्यावर येणार आहेत. पार्टींची नावे झाकून वही दाखवायची असे ठरले आहे. बायको म्हणते, नावे नीट झाका.