नव्वदच्या खालची यादी

२०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि त्याचे सत्कार आमच्याकडे गणपती विसर्जनापर्यंत चालले. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरं एकमेकांना अशी चिकटली आहेत की, एक संपून दुसरं कधी सुरू झालं ते फ्लेक्सवरचे चेहरे बदलले की कळतं. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर पालिकांची मुदत २०२० साली संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ साली. त्यामुळे तेव्हा नगरसेवक नव्हते, नुसते इच्छुक होते. आणि इच्छुकांना गुणवंत विद्यार्थी फार लागतात.

अशाच एका मंडळाच्या गुणगौरव सोहळ्याला पाहुणा म्हणून गेलो होतो. अट होती नव्वद टक्के. पूर्वी ती पंचाहत्तर होती, मग पंच्याऐंशी झाली. सेक्रेटरी म्हणाले, ‘काय करणार सर, मुलं हुशार झाली, ट्रॉफ्या पुरेनात.’ मुलं एकेक करून वर येत होती. नाव, शाळा आणि दशांशापर्यंत टक्के पुकारले जात होते. ट्रॉफी, गुलाब, फोटो, पुढचा. कुणाला काय आवडतं, पुढे काय करायचंय, एवढं विचारायलाही निवेदकाला सवड नव्हती.

सत्काराला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. जीन्सचे धागे कापायचं काम ज्या घरात गठ्ठ्यांनी येतं, त्या उल्हासनगरच्या एका घरातली मुलगी त्या रात्री स्टेजवर होती. दहावी झालेली घरातली पहिलीच. तिची आई पहिल्या रांगेत ठेवणीतली साडी नेसून बसली होती आणि टाळ्या थांबल्या तरी तिच्या थांबत नव्हत्या. असे सोहळे व्हायलाच हवेत. माझी तक्रार अटीबद्दल आहे.

त्या वर्षी राज्यात दहावीला ९४.१० टक्के मुलं पास झाली. २११ जणांना शंभर टक्के मिळाले (कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून) आणि २८५ जणांना बरोबर पस्तीस. हे आकडे वाचताना मला उरलेल्या सहाएक टक्क्यांची काळजी वाटते. आमच्या वेळी निम्मा वर्ग गळायचा. नापास होणं वाईटच होतं, पण सोबत भरपूर असायची. संध्याकाळी कट्ट्यावर नापासांचीच गर्दी जास्त. आता अख्ख्या इमारतीत एकच मुलगा नापास होतो. लिफ्टमध्ये प्रत्येक जण त्याला विचारतो, ‘काय रे, किती?’ तो जिन्याने ये-जा करायला लागतो. जून-जुलैची पुरवणी परीक्षा देऊन तो पासही होतो, पण त्याचा फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रं हेल्पलाइनचे नंबर छापतात, ते योग्यच. पण २०२५ च्या जुलैत, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या सतरा वर्षांच्या एका ‘नीट’ परीक्षार्थी मुलीच्या मृत्यूप्रकरणी निकाल दिला. त्यातले आकडे पाहा. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २,२४८ मृत्यू थेट परीक्षेतल्या अपयशाशी जोडलेले आहेत. म्हणजे बाकीच्यांचं दुःख गुणपत्रिकेत दिसणारं नव्हतंच. घर, एकटेपणा, छळ, आजार, प्रेम, आणि पुष्कळदा हे सगळं एकदम. त्याच वर्षी राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर होता, १,७६४. निकालाच्या आठवड्यापुरती काळजी करून यातलं फारसं काही हाती लागणार नाही.

आमच्या भागात तर ऐकायला माणूसच घरात नसतो. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. सकाळची लोकल पकडायला आईबाप अंधारात निघतात आणि रात्री जेवणाच्या वेळेला परततात. मुलाची चावी शेजारच्या काकूंकडे, डबा ओट्यावर, क्लासची वेळ मोबाइलवर. शाळेची पालकसभा कामाच्या दिवशी दुपारी असते आणि तिच्यासाठी अर्धा दिवस पगार कापून घ्यावा लागतो. ‘शाळेत काय झालं?’ ‘काही नाही.’ दिवसभरात एवढंच बोलणं होत असेल, तर मूल महिनाभर नीट झोपत नाहीये हे कुणाच्या लक्षात यावं? आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. मुंबईत घर परवडलं असतं तर ते इथे आले असते का?

वर आमची एक जुनी खोड. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून या पट्ट्यात ‘ह्याला ठाण्याला न्या’ हा विनोद चालू आहे. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलीने ‘मला कुणाशी तरी बोलायचंय’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे आधी ठाणं येतं.

घरी बोलता येत नाही, मग उरते शाळा. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरकर रुळांवर उतरले आणि लोकल दिवसभर अडली. शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराने सगळं शहर पेटलं होतं. मग फतवे निघाले: कॅमेरे लावा, तक्रारपेट्या बसवा. शाळाशाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा आदेश तर २०२२ चाच होता, त्याची आठवण सगळ्यांना तेव्हा झाली. कॅमेरे हवेत, पेट्याही हव्यात. पण पेटी उघडायची कुणी? चिठ्ठी वाचून त्या मुलाला बाजूला बोलवायचं कुणी? आणि ऐकलेलं स्टाफरूममध्ये न सांगायची जबाबदारी कुणाची?

‘शिक्षक आहेत की,’ हे उत्तर तयारच असतं. याबाबत एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. डॉ. विक्रम पटेल यांच्या गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. तो २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काही शाळांत एक साधा, म्हणजे डॉक्टर नसलेला, पण प्रशिक्षण दिलेला समुपदेशक नेमला. काही शाळांत तेच काम शिक्षकाला दिलं. बाकीच्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. कामही अगदी साधं: प्रार्थनेच्या वेळी बोलणं, भित्तिपत्रक, स्पर्धा, मनातलं लिहून टाकायची पेटी आणि गरज पडेल त्याच्याशी स्वतंत्र बोलणं. समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांची उदासीही. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

याचा अर्थ शिक्षक वाईट असतात असा कुणी काढू नये. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशेब आणि दोन अधिवेशनांची शाळा सांभाळून उरलेल्या वेळात साठ मुलांची मनं सांभाळ, हे सांगणंच चूक आहे. शिवाय जो मार्क देतो त्याच्यापाशी मूल मोकळं होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं म्हटलं आहे. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. गुणांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, हेही त्यात आहे. आमच्याकडच्या किती शाळा शंभराच्या खाली असतील? आणि उल्हासनगरात तर मराठी, हिंदी, सिंधी, इंग्रजी अशा सगळ्या घरांतली मुलं एका वर्गात असतात. तिथे प्रमाणित मराठीत किंवा इंग्रजीत ‘तुला कसं वाटतंय?’ विचारणारी व्यक्ती बसवून भागणार नाही. कॅम्पातली, म्हणजे इथल्या वस्त्यांतली, बोली कळणारं माणूस हवं. पदवीपेक्षा हे अवघड आहे असं मला वाटतं, पण नालंद्याचा अनुभव सांगतो की स्थानिक माणूस शिकवून तयार करता येतो. तोवर केंद्र सरकारची टेलीमानस सेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही. गुणगौरवाच्या फ्लेक्सवर तेरा चेहऱ्यांच्या खाली एवढे पाच आकडे सहज मावतील.

सोहळा संपल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं, पुढच्या वर्षी जुलैत पास झालेल्यांनाही बोलवा. फॉर्म नंबर सतरा भरून, काम करता करता बाहेरून दहावी देणाऱ्यांनाही. पंचेचाळीस टक्केवाल्या कबड्डीपटूलाही. त्यांना कल्पना आवडली, असं दिसलं तरी. मग डोकं खाजवत म्हणाले, ‘नव्वदवाले स्वतः झेरॉक्स आणून देतात सर. ह्यांची यादी आणायची कुठून? ही पोरं नाव द्यायला येतच नाहीत.’

‘मग तुम्ही जा,’ मी म्हटलं. ‘शाळेत विचारा.’

‘आणि ट्रॉफी कुठली द्यायची? मागे ‘गुणवंत’ छापलेल्या शंभर घेऊन ठेवल्यात.’