विश्लेषण : वर्गातल्या फोटोतून मुलाचे शिकणे पालकांना कसे कळेल?

शाळा सुटायच्या आत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वीस-पंचवीस फोटो येऊन पडतात. रांगेत उभी मुले, कोणाच्या हातात तक्ता, मागे दोन बोटे दाखवणारा एखादा खोडकर. खाली ‘आजचा उपक्रम’ एवढेच शब्द. पालक आपले मूल शोधतात, दिसले की फोटो मोठा करून पाहतात, अंगठा देतात आणि पुढे सरकतात. मूल शाळेत होते हे कळते. त्याला आज काय जमले आणि कुठे अडले, हे कळत नाही. प्रत्येक वर्गात कॅमेरा पोहोचला असताना हे का घडते आणि त्यावर उपाय काय?

पालकांना प्रगती कळवणे बंधनकारक आहे का?

होय. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती द्यायची आहे. अडचण सभेच्या वेळेची आहे. ती दिवसा, शाळेच्या वेळेत होते. रोजंदारीवर जाणाऱ्याला त्यासाठी मजुरी बुडवावी लागते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे तर कित्येक महिने गावात नसतात. मुले आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा आईबापांसाठी फोन हाच शाळेचा दरवाजा. त्यात रोज रांगेचाच फोटो येत असेल, तर सहा महिन्यांनी परतल्यावरच कळणार की मुलीला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत.

मग इतके फोटो काढले जातात ते कशासाठी?

बहुतेकदा वरच्या कार्यालयासाठी. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवावा, असा निर्णय काढला होता. हेतू उपस्थिती तपासण्याचा होता. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि अंमलबजावणी थांबली. सवय मात्र थांबली नाही. वृक्षारोपण, योग दिन, वाचन पंधरवडा, पोषण आहार, प्रत्येकाचा फोटो अहवालाला जोडायचाच. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची घोषणा या कामांच्या ओझ्यातूनच आली.

अहवालाच्या फोटोत पटसंख्या आणि फलक दिसणे महत्त्वाचे असते. तोच फोटो पुढे पालकांच्या ग्रुपवर ढकलला जातो आणि मग पालकांशी संवाद चालू आहे असे शाळेला वाटू लागते. पाहणी अधिकाऱ्यासाठी काढलेल्या फोटोतून आईला काही सापडणे कठीणच.

शिकणे दाखवणारा फोटो कसा असतो?

त्यात बहुधा चेहरा नसतो. दुसरीच्या वर्गातले हातच्याच्या वजाबाकीचे उदाहरण घ्या. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. पुष्कळ मुले ३५ उत्तर लिहितात. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती उलटे करून ७ मधून २ काढतात आणि ५ मांडतात. मग दशकातले ५ मधून २ गेले, उरले ३. गणितात ही चूक इतकी नेहमीची आहे की तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलाने एक नियम लावला आहे, फक्त तो चुकीचा आहे.

आता दोन फोटो शेजारी ठेवा. पहिला सोमवारच्या पाटीचा, त्यावर ३५. दुसरा गुरुवारचा : दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या, त्यातला एक गठ्ठा सोडलेला आणि पाटीवर २५. खाली तीन ओळी पुरतात. ‘सोमवारी ती मोठ्या अंकातून लहान अंक काढत होती. आज तिने स्वतःहून एक गठ्ठा सोडला आणि म्हणाली, आता बारा झाल्या. घरी दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये देऊन २७ रुपये मागून पाहा.’ हे वाचल्यावर आईला काय विचारायचे ते कळते. मूल दहाची नोट मोडून आणायला निघाले, तर त्याला हातचा कळला.

तीन ओळींत तीन गोष्टी आल्या : मुलाने काय केले, ते काय म्हणाले आणि घरी काय करून पाहता येईल. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत लिहिलेले बरे. ते प्रमाणभाषेत घासूनपुसून टाकले की आईला आपले मूल त्यात ओळखू येत नाही. लिहायला वेळ नसेल, तर तेच अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये सांगता येते. न वाचता येणाऱ्या पालकांना तर तेच सोयीचे.

ही पद्धत कुठून आली?

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांनी बालशाळा उभ्या केल्या. लोरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या शिक्षकांनी मुलांची चित्रे, फोटो आणि बोलणे टिपून भिंतींवर लावायला सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या बालशिक्षण अभ्यासक्रमानंतर मार्गारेट कार यांनी ‘लर्निंग स्टोरीज’ रुजवल्या. त्यात फोटोसोबत छोटी गोष्ट असते, पुष्कळदा मुलालाच उद्देशून लिहिलेली, आणि घरचे लोक त्यात आपली भर घालतात. दोन्ही ठिकाणी वर्ग लहान मुलांचे आहेत आणि पटही आपल्याकडच्यासारखा नाही, हे विसरून नक्कल करण्यात अर्थ नाही.

तीस-चाळीस मुलांच्या वर्गात हे जमेल का?

रोज सगळ्यांचे जमणार नाही. रोज एका मुलाचे जमू शकते. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर तीस पटाच्या वर्गात पाच आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. हजेरीपत्रकाशेजारी एक खूण केली की कोण राहिले ते कळते. ही खूण महत्त्वाची आहे. कॅमेऱ्यासमोर पुढे येणारी पाच-सहा मुले प्रत्येक फोटोत असतात आणि मागच्या बाकावरचे मूल वर्षभर एकाही फोटोत नसते. त्याच्या घरच्यांना ते बरोबर कळते.

हे काम जुन्या फोटोंच्या जागी यायला हवे. अहवालाचे फोटो तसेच ठेवून त्यावर हे लादले, तर शिक्षक ‘आजचा उपक्रम’वरच परततील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

चुकीचा फोटो ग्रुपवर टाकावा का?

नाही. ३५ लिहिलेली पाटी फक्त त्या मुलाच्या पालकांच्या फोनवर जावी. ग्रुपवर गेली की तुलना सुरू होते आणि मूल दुसऱ्या दिवशी वर्गात चेष्टेचा विषय होते. परदेशातल्या काही शाळा वापरत असलेल्या ‘सीसॉ’सारख्या ॲपमध्ये पालकांना आपल्याच मुलाचे काम दिसते. व्हॉट्सॲपवर त्यासाठी थेट संदेश पाठवता येतो. सर्वांना द्यायचे असेल, तर नाव झाकून कामाचा फोटो ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवता येतो. त्यात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र ज्यांनी शिक्षकांचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच तो पोहोचतो.

स्मार्टफोन नसलेल्या घरांचे काय?

‘असर’च्या २०२१ च्या ग्रामीण सर्वेक्षणानुसार शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पण फोन असलेल्या घरांतही साधारण चारातल्या एका मुलाला तो वापरायला मिळत नव्हता. फोन दिवसभर वडिलांसोबत कामावर असतो. म्हणून महिन्यातून एकदा असे काही फोटो कागदावर छापून वर्गाच्या दाराशी लावणे अजूनही उपयोगाचे आहे. मुलांना न्यायला येणारी आजीही ते पाहते.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ओळखू येणारा फोटो हा डेटाच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांना मर्यादित सवलत आहे. प्रवेशाच्या जाहिरातीसाठी फेसबुकवर टाकलेला मुलांचा फोटो त्या सवलतीत बसवणे अवघड आहे. प्रवेश अर्जाच्या तळाशी एकच सही घेऊन भागवण्यापेक्षा पालकांपर्यंत जाणाऱ्या आणि जाहीर होणाऱ्या फोटोंसाठी वेगळी संमती घेणे शाळेच्याच हिताचे. मुलालाही विचारावे. ‘हा आईला पाठवू का?’ याचे उत्तर पहिलीतले मूलही देते, आणि कधी कधी ते ‘नको’ असते.

फोनमध्ये काय तपासावे?

शिक्षकांच्या स्वतःच्या फोनमधले फोटो आपोआप त्यांच्या खासगी क्लाउड खात्यात जात असतील, तर ते बंद करावे आणि पाठवून झालेले फोटो काढून टाकावेत. कॅमेऱ्यातले लोकेशन बंद ठेवावे. व्हॉट्सॲप साध्या फोटोतून ही माहिती काढून टाकते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती सोबत जाते. पालकांच्या बाजूने धोका फॉरवर्डचा आहे. आपल्या मुलाच्या फोटोत शेजारचे मूलही असते आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा स्टेटसवर ठेवताना त्या मुलाच्या घरी कोणी विचारलेले नसते. फोटो पाटीचा असेल, तर हा प्रश्नच येत नाही.