मेन स्विच हाताशी हवा
तंजावरजवळ कळिमेडू येथे 27 एप्रिल 2022 रोजी रथ उच्चदाबाच्या तारेला लागून 11 जण दगावले. रस्त्यावरची तार आपल्या हाती नाही. इमारतीचा मेन स्विच आहे. त्यागराज आराधनेला गजबजणाऱ्या तिरुवैयारुतले लॉज असो की भाड्याच्या जागेतली आपली पोस्ट कचेरी, मालक अँपिअर आणि किंमत एवढेच पाहतो. 415 व्होल्टवर 45 केव्हीएला 63 अँपिअर जेमतेम पुरतात, हे ठीक. पण शॉर्टसर्किटला हजारो अँपिअर धावतात. ते तोडण्याची ताकद स्विचात आहे का, हे कोण विचारतो? तिन्ही फेज एकदम तुटले पाहिजेत, न्यूट्रलमध्ये फ्यूज नको. आणि हा स्विच जिन्याखाली, गोण्यांआड, कुलपात! पुरवठा आत शिरतो तिथेच, उघड्यावर हात पोचेल असा तो असावा, ही आमची मागणी आहे. चावी मालकाच्या घरी असेल, तर शाखा सचिवांनी भाडेकराराच्या नूतनीकरणाआधीच हे मुद्दे प्रशासनाला लेखी द्यावेत.