यंत्र घरात येण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की अहिल्यानगरच्या कापडबाजारातील आणि डाळमंडईतील व्यापारी घरांत आवराआवर सुरू होते. खाली दुकान किंवा गोदाम आणि वर बिऱ्हाड अशी रचना असलेल्या घरांत सुताचे तंतू, धान्याचा भुसा आणि रस्त्यावरची धूळ जिन्यावाटे वर येते. झाडू फिरताच ती हवेत उडते. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर साफसफाईचा दिवस हाच त्याच्या त्रासाचा दिवस ठरतो. अशा वेळी सूनबाई व्हॅक्यूम क्लीनरचा विषय काढतात. सासूबाई विचारतात, "त्या नळीत मुंगी गेली तर?" मुलगा म्हणतो, "युरोपचे घेऊ, म्हणजे वीस वर्षे पाहायला नको." तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे; मात्र निर्णयापूर्वी प्रत्येकाची पारख व्हायला हवी.

प्रथम मुलाचे म्हणणे. भारतात हे यंत्र घरोघरी पोहोचले ते युरोपीय भागीदारीतूनच. 1982 मध्ये फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी युरेका फोर्ब्स ही कंपनी उभी केली आणि तिच्या विक्रेत्यांनी दारोदारी प्रात्यक्षिके दाखवून ग्राहक जोडले. तेव्हापासून 'युरोप' हा शब्द टिकाऊपणाची खूण मानला जातो. परंतु नाव युरोपचे म्हणजे माल युरोपचा, असे समीकरण आता उरलेले नाही. इंग्लंडच्या डायसनने आपल्या व्हॅक्यूम क्लीनरचे उत्पादन 2002 मध्येच मलेशियाला हलवले. उलट जर्मनीची मीले ही 1899 पासूनची कंपनी आजही बीलेफेल्ड येथील कारखान्यात ही यंत्रे बनवते. म्हणून खोक्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षा उत्पादक देश आणि आयातदाराचे नाव व पत्ता सांगणारी बारीक ओळ आधी वाचावी. आयात मालावर ही माहिती छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

वॅटचा आकडाही असाच फसवा असतो. जास्त वॅट म्हणजे जास्त वीज. जास्त सफाई असे नव्हे. युरोपीय संघाने तारेवर चालणाऱ्या घरगुती कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी 1 सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटची मर्यादा घातली. त्याच नियमांत मोटार किमान 500 तास चालली पाहिजे आणि नळी 40,000 वेळा वाकवूनही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, अशा अटी आहेत. हे नियम तेथील बाजारासाठी आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्राला ते आपोआप लागू होत नाहीत. तरीही विक्रेत्याला विचारण्याचे प्रश्न त्यांतून मिळतात.

500 तास म्हणजे किती, हे व्यापाऱ्याच्या रीतीने मांडून पाहावे. रोज वीस मिनिटे वापर झाला, तर हे तास सुमारे चार वर्षांत संपतात. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास वापर झाला, तर ते नऊ वर्षांहून अधिक पुरतात. वीस वर्षांची अपेक्षा असेल, तर मोटारीचे आयुष्य तासांत किती, हे लेखी विचारावे. किंमतही वर्षांनी भागून पाहावी. उदाहरणार्थ, आठ हजारांचे यंत्र चार वर्षे चालले आणि तीस हजारांचे पंधरा वर्षे, तर वार्षिक खर्च दोन्हींचा सारखाच दोन हजार येतो. मात्र महाग यंत्राच्या धूळपिशव्या आणि फिल्टर आयात करावे लागत असतील, तर तो खर्च निराळा धरावा.

खरी अडचण सुट्या भागांची असते. अशा यंत्रांच्या मोटारीतील कार्बन ब्रश झिजतात, बेअरिंग आवाज करू लागते, नळी सांध्याशी फाटते. हे भाग शहरात किंवा निदान पुण्यात मिळतात का, आणि दुरुस्ती कोण करतो, हे पैसे देण्यापूर्वीच ठरवावे. परदेशातील नातेवाईकाने आणलेल्या यंत्राच्या बाबतीत हे विशेष खरे. जर्मनीत आणि भारतात वीज 230 व्होल्टचीच आहे, त्यामुळे यंत्र चालते. पण पिन वेगळी असते आणि तेथील हमी येथे चालेलच असे नाही. घरात रुग्ण असेल, तर पिशवीचे यंत्र बरे, कारण ते रिकामे करताना धूळ कमी उडते. पिशवी बदलताना रुग्णाने त्या खोलीत थांबू नये.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्राला दृष्टी नसते. पुंजणी हलक्या हाताने जीवाला बाजूला करते. नळी मात्र समोर येईल ते ओढून घेते. म्हणून पडिलेहणाचा क्रम येथेही पाळावा. आधी उजेडात जमीन, कोपरे आणि कपाटाखालची जागा पाहावी, मग पुंजणीने प्रमार्जन करावे आणि त्यानंतरच यंत्र सुरू करावे. मुंग्यांची रांग असेल तेथे त्या दिवशी यंत्र नेऊ नये. चातुर्मासात ही जयणा अधिक बाळगावी. धान्याचा भुसा भरलेली पिशवी महिनोन्महिने यंत्रात ठेवू नये. तीत जीवोत्पत्ती होऊ शकते.

इतके करूनही यंत्र निर्दोष ठरत नाही, हे सासूबाईंना प्रामाणिकपणे सांगावे. पण दम्याने रात्रभर उठून बसणारा माणूसही त्याच घरात राहतो, हे त्याही जाणतात. नीट पारखून एकच यंत्र घेतले आणि ते दीर्घकाळ जपले, तर परिग्रहही मर्यादेत राहतो. यंत्राच्या किमतीचा विचार मुलाने करावा, निगा सूनबाईंनी राखावी, आणि ते सुरू करण्यापूर्वी जमीन पाहून 'आता लावा' असे म्हणण्याचा अधिकार सासूबाईंकडे असावा.